दोंडाईच्याची जाळी

बालाघाटाच्या पट्ट्यात वर्षाचे दोन भाग पडतात: साखर कारखाने चालू असतानाचे महिने आणि बंद असतानाचे. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं नांदूरघाट याच पट्ट्यातलं. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची, असं ते काम. मोळी उचलताना माणूस श्वास रोखतो, पोट ताठ होतं, आतला दाब वाढतो. जांघेत पोटाची भिंत मुळातच पातळ असते. तिथून एखाद्या दिवशी आतड्याचा पदर बाहेर डोकावतो. आडवं झालं की आत जातो, उभं राहिलं की पुन्हा उतरतो. वैद्य त्याला अंतर्गळ म्हणत, डॉक्टर हर्निया म्हणतात आणि ज्याला होतो तो बहुतेक वेळा कुणालाच काही म्हणत नाही. जागाच अशी की बायकोलाही उशिरा कळतं. मग मेडिकलमधून पट्टा आणायचा, धोतराच्या किंवा पँटच्या आत तो आवळून बांधायचा आणि हंगाम ढकलायचा. ऑपरेशन नंतर बघू. उचल घेतलेल्या माणसाचं ‘नंतर’ सहसा येत नाही.

पट्ट्याने हर्निया बरा होत नाही. आतडं अडकलं, त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर दोन-तीन दिवसांत माणूस दगावू शकतो. उपाय एकच, शस्त्रक्रिया. या शस्त्रक्रियेचा इतिहास सव्वाशे वर्षांहून मोठा आहे, आणि त्यातला एक धडा खानदेशातल्या दोंडाईचा नावाच्या गावात लिहिला गेला. मराठवाड्यातल्या फार थोड्या लोकांना तो ठाऊक आहे. खानदेशातल्याही किती जणांना असेल, शंकाच आहे.

इटलीतल्या पादुआ शहरातल्या एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८७ मध्ये हर्निया दुरुस्तीची पद्धत मांडली. गोळा आत ढकलायचा, आणि ज्या भोकातून तो आला त्याच्या दोन्ही काठांचे स्नायू ओढून एकमेकांना शिवायचे. त्याआधीच्या सगळ्या उपायांपेक्षा हे फार चांगलं होतं. पुढची शंभर वर्षं जगभरचे सर्जन थोड्याफार फरकाने हेच करत राहिले. उणीव मात्र पद्धतीच्या गाभ्यातच होती. जे काठ आपणहून जवळ येत नाहीत ते दोऱ्याने ओढून आणले की त्यांच्यावर कायमचा ताण राहतो. ताणलेला टाका हळूहळू स्नायू कापत जातो, आणि काही वर्षांनी गोळा पुन्हा उतरतो. ओझी वाहणाऱ्याच्या शरीरात तर याला वेळ लागत नाही.

मग सर्जनांच्या मनात आलं की काठ ओढण्यापेक्षा भोकावर ठिगळ लावलं तर? धातूच्या जाळ्या लावून पाहिल्या. टँटलम धातूची जाळी शरीरात तुकडे होऊन मोडायची. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फ्रान्सिस अशर हे सर्जन नव्याने आलेल्या प्लास्टिककडे वळले. १९५८ मध्ये त्यांनी विणलेल्या पॉलिएथिलीनची जाळी वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि पुढे पॉलिप्रॉपिलीन आलं. वाचकाने इथे पॉलिएथिलीन हा शब्द लक्षात ठेवावा. त्यानंतर लॉस एंजेलिसमधल्या अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक हजार रुग्णांचा अहवाल छापला. स्नायू मुळीच ओढायचे नाहीत, भोकावर सैल जाळी अंथरायची, कडा शिवायच्या, आणि हे सगळं त्या जागेपुरती भूल देऊन. हजारात एकाचाही हर्निया तोवर उलटला नव्हता. जाळीच्या छिद्रांतून शरीराच्या पेशी आरपार वाढतात आणि काही आठवड्यांत ती जाळी नव्या, घट्ट पडद्याचा सांगाडा होऊन बसते.

हा अहवाल भारतातल्या सर्जनांनीही वाचला. पद्धत सोपी होती, शिकायला अवघड नव्हती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भूलतज्ज्ञाची वाट बघायला लावणारी नव्हती. अडलं ते जाळीपाशी. परदेशी कंपनीच्या निर्जंतुक पाकिटातला तो पोस्टकार्डाएवढा तुकडा हजारांच्या भावात मिळायचा. नव्वदच्या दशकात शेतमजुराला ती रक्कम परवडणारी नव्हती. पुण्या-मुंबईत जाळी लागू लागली, तालुक्याच्या गावात बास्सिनीच चालू राहिले. विज्ञान एक आणि शस्त्रक्रिया दोन, अशी फाळणी झाली.

धुळे जिल्ह्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर, मिरचीच्या बाजारासाठी नाव असलेलं दोंडाईचा हे गाव आहे. डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर तिथले सर्जन. अशा गावात सर्जनला काय काय व्हावं लागतं, हे शहरात बसून नीट उमगत नाही. हाड मोडलेलं, अडलेली बाळंतीण, मुतखडा, बैलाने मारलेलं पोट, सगळं एकाच दाराशी येतं. रक्तपेढी दूर, भूल देणारा दूर, आणि रुग्णाचा खिसा पावसावर अवलंबून. अशा सर्जनांनी देशभरातून एकत्र येऊन असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडिया ही संघटना उभी केली. टोणगावकर तिच्यातले एक आघाडीचे कार्यकर्ते. तिच्या मेळाव्यांत भपका कमी आणि कामाच्या युक्त्या जास्त, अशी तिची ख्याती आहे. कोणी शिवणाचा साधा दोरा वापरून बघतो, कोणी स्वतः बनवलेलं हत्यार पिशवीतून काढून दाखवतो.

टोणगावकर आणि त्यांचे सहकारी डॉ. रेड्डी यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. हर्नियाची जाळी म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांची विणलेली जाळीच ना? मग आपल्या बाजारात प्लास्टिकच्या धाग्यांची दुसरी कोणती जाळी मिळते? मिळत होती, घराघरात खाटेवर टांगलेली होती. मच्छरदाणी.

इथे घाईने टाळी वाजवू नये. स्वस्त वस्तू सुचणं हा या गोष्टीतला सगळ्यात सोपा भाग. खरं काम पुढे होतं, आणि ते कंटाळवाणं होतं.

मच्छरदाणी म्हटली तरी कोणती? सुती जाळी शरीरात कुजते, ती बाद. नायलॉनचा धागा शरीरातल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं झिजत जातो, त्याची ताकद टिकत नाही. पॉलिएस्टरचा धागा पुष्कळदा अनेक बारीक तंतू पिळून केलेला असतो. त्या तंतूंच्या फटीत जंतू शिरले तर त्यांच्यामागे जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना तिथे शिरता येत नाही, आणि जखम चिघळत राहते. म्हणून हवा होता एकाच सलग तंतूचा धागा, आणि तो शरीराने नाकारू नये अशा प्लास्टिकचा. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्रणाच्या धाग्याची मच्छरदाणी या कसोटीला उतरली. म्हणजे अशर यांनी चाळीस वर्षांपूर्वी ज्या रसायनकुळातली जाळी माणसाच्या पोटात घातली, त्याच कुळातली ही जाळी होती. तिचं नाव मच्छरदाणी होतं म्हणून ती हलकी वाटत होती, इतकंच.

छिद्रांचंही तसंच. जाळीची छिद्रं पाऊण दशांश मिलिमीटरहून बारीक असली तर पांढऱ्या पेशी आणि नवं मांस त्यातून वाढू शकत नाही. मच्छरदाणीची छिद्रं त्याच्या कितीतरी पट मोठी. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कंपन्यांच्या जाळ्या दाट आणि जड होत्या, पुढे त्यांनाच कळलं की हलकी आणि मोठ्या छिद्रांची जाळी शरीराला जास्त मानवते. मच्छरदाणी आधीपासूनच तशी होती. हे तिचं श्रेय नाही. डासापुरतं भोक बुजवायचं तर तेवढंच पुरतं.

मग निर्जंतुक करणं. पॉलिएथिलीन लवकर वितळतं. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ ही जाळी सोसते, १३४ अंशांवर नेली की आक्रसते आणि बिघडते. बहुतेक रुग्णालयांत दोन्ही तापमानांवर काम चालतं, म्हणून ही गोष्ट थिएटरमधल्या मावशींपासून सर्जनपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पाडावी लागते. आणि एक अट पुढे फार महत्त्वाची ठरली: डास मारायचं औषध चोपडलेली मच्छरदाणी चालणार नाही. मलेरियाच्या मोहिमेत अशा औषधी मच्छरदाण्या गावोगाव वाटल्या जाऊ लागल्या, तेव्हा ‘मच्छरदाणी वापरा’ एवढंच ऐकलेला एखादा उत्साही सर्जन काय करून बसेल याची धास्ती रास्तच होती.

टोणगावकर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या केंद्रांवर मिळून साडेतीनशेहून अधिक हर्निया या जाळीने दुरुस्त केले, रुग्णांचा पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त तो अहवाल छापला. शीर्षकातच ‘स्वस्त, देशी मच्छरदाणीचं कापड’ असं सरळ लिहिलेलं आहे. आडपडदा नाही, भारदस्त नाव नाही. मला हे फार आवडतं. दुसऱ्या कोणी त्याला एखादं लॅटिन नाव देऊन पेटंट मागितलं असतं.

आक्षेप येणार होतेच आणि ते पोकळ नव्हते. बाजारातल्या थानातून कापलेला तुकडा आज एका धाग्याचा असेल, उद्या कारखानदार स्वस्तातला दुसरा धागा घालेल, मग? कारखान्यात त्याच्यावर कोणते रंग, कोणती तेलं लागली? पाकिटातल्या जाळीवर बॅच क्रमांक असतो, तक्रार करायला कंपनी असते. मच्छरदाणीबद्दल दाद कोणाकडे मागायची? त्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला होता. जखम चिघळली आणि वकिलाने विचारलं, ‘डॉक्टर, तुम्ही माझ्या अशिलाच्या पोटात नेमकं काय घातलंत?’ तर न्यायालयात काय उत्तर द्यायचं? शिवाय नैतिक प्रश्नही होता. श्रीमंताला पाकिटातली जाळी आणि गरिबाला थानातली, हे गरिबावरचे प्रयोग तर नव्हेत?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शब्दांनी देता येत नव्हतं. दोन जाळ्यांची समोरासमोर तुलना करूनच ते द्यायला हवं होतं. ती निर्णायक तुलना भारतात झाली नाही, आफ्रिकेत झाली. या इतिहासातली ही सल मला लपवावीशी वाटत नाही.

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासोमध्ये एका जर्मन गटाने नायलॉनच्या मच्छरदाणीची तुलना विकतच्या जाळीशी केली आणि २००६ मध्ये ती छापली. रुग्ण थोडे होते, पण चिठ्ठ्या टाकून केलेली अशी ती पहिल्या काही चाचण्यांपैकी होती. पुढच्याच वर्षी युगांडातल्या म्बारारा इथे बकऱ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. घानामध्ये अँड्र्यू किंग्सनॉर्थ आणि ख्रिस ओपोंग या ब्रिटनमधल्या सर्जनांनी ‘ऑपरेशन हर्निया’ नावाची मोहीम २००५ मध्ये सुरू केली होती. त्यांच्या गटाने पॉलिएस्टर मच्छरदाणीचे निकाल २००९ मध्ये मांडले. २०११ मध्ये ‘हर्निया’ या नियतकालिकात या विषयावर एक टिपण आलं, त्याखाली तीन नावं होती: किंग्सनॉर्थ, टोणगावकर आणि ओलुयोम्बो आवोजोबी. हे आवोजोबी नायजेरियातल्या एरुवा गावचे सर्जन. सायकलच्या चाकापासून त्यांनी रक्ताचा नमुना गरगर फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या करण्याचं यंत्र केलं होतं, दवाखान्यातली बरीच उपकरणं स्वतःच्या वर्कशॉपमध्ये घडवली होती. दोंडाईचा आणि एरुवा यांच्यामध्ये एक महासागर आहे, पण दोघांचे रुग्ण एकाच जातकुळीचे.

निर्णायक काम युगांडात झालं. स्वीडनच्या येनी लोफग्रेन आणि युगांडातल्या सहकाऱ्यांनी पूर्व युगांडातल्या कामुली मिशन रुग्णालयात ३०२ पुरुषांवर चाचणी घेतली. कोणाला मच्छरदाणी आणि कोणाला पाकिटातली जाळी हे चिठ्ठीने ठरलं. शस्त्रक्रिया त्या जागेपुरती भूल देऊन. मच्छरदाणी कुठून आणली? तमिळनाडूतल्या करूरहून. हातमाग आणि मच्छरदाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरातल्या अम्सा प्लास्टिक्सची ती पॉलिएथिलीनची जाळी. तिची किंमत डॉलरभर, समोरच्या कंपनीच्या जाळीची १२५ डॉलर. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया उलटला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्याजोगा नव्हता. जखमेच्या तक्रारी दोन्हीकडे जवळपास सारख्याच, तिसेक टक्के, आणि त्यातल्या बहुतेक किरकोळ. जानेवारी २०१६ मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं. त्या पानांवर छापून आलेल्या गोष्टीला हसणं मग कोणाला परवडत नाही. २०१८ च्या हर्नियाविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणी अशी स्वस्त जाळी हा योग्य पर्याय मानला.

मधल्या काळात पुण्यात या प्रश्नाचं एक वेगळंच उत्तर तयार झालं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय महाराष्ट्राचा हिशेब पुरा होत नाही. डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच काढून टाकली. पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पातळ पण चिवट पडद्याची एक पट्टी मोकळी करायची, दोन्ही टोकं तशीच जोडलेली ठेवायची आणि ती भोकावर आडवी शिवायची. ठिगळ रुग्णाच्या अंगाचंच. खर्च दोऱ्याचा. ही पद्धत त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. पोलंडमधल्या सर्जनांनी २०८ रुग्णांवर तिची लिख्टेनस्टाइन पद्धतीशी तुलना करून २०१२ मध्ये निकाल छापले, आणि हर्निया उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. हिलाही परदेशातूनच प्रमाणपत्र आलं. आपल्याकडे शोध लागत नाहीत असं म्हणायची सवय आपण आता सोडायला हरकत नाही. शोध लागतात, त्यांची कसून परीक्षा घेण्याचं काम आपण दुसऱ्यांवर सोडतो.

हे असंच घडायला हवं होतं असं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची कृत्रिम झडप बनवली. एकेका घडणीत काही ना काही मोडलं, झिजलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. अखेर डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाच्या हृदयात बसवली. तिची तबकडीही पॉलिएथिलीनचीच, अतिशय चिवट जातीच्या. आयात झडपेच्या कितीतरी कमी किमतीत ती गरिबांपर्यंत पोचली, कारण तिच्यामागे सरकारी प्रयोगशाळा, अभियंते, प्राण्यांवरचे प्रयोग आणि उत्पादन करणारी कंपनी अशी अख्खी साखळी उभी राहिली. दोंडाईच्याच्या जाळीमागे चार-पाच सर्जन होते, त्यांचे स्वतःचे दवाखाने होते आणि एक ऑटोक्लेव्ह.

आज परिस्थिती निम्मी बदलली आहे. देशी कंपन्यांच्या हर्निया जाळ्या बाजारात आहेत. दुसरीकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आले, आणि एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या व्याख्येत ‘औषध’ ठरली. शरीरात कायमची राहणारी वस्तू तर वरच्या धोक्याच्या वर्गात जाते. हे नियम चांगलेच आहेत. निकृष्ट इम्प्लांटचे परिणाम भोगलेल्या कोणालाही ते पटतील. पण त्यांचा अर्थ असा की आता एखाद्या तालुक्याच्या सर्जनने थानातून तुकडा कापून वापरला, तर जगातलं सर्वोत्तम नियतकालिक त्याच्या बाजूने असूनही कायदा नसेल. पुरावा आहे, माल आहे, परवाना नाही.

आणि केवळ जाळीने भागत नाही, हेही सांगायला हवं. नांदूरघाटला ग्रामीण रुग्णालय आहे. पण ग्रामीण रुग्णालयाच्या तीस खाटांच्या आराखड्यात सर्जन कायम हजर असेलच असं नाही, आणि मग हर्नियाचा रुग्ण केज, अंबाजोगाई किंवा बीडकडे जातो. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय खेड्यासाठी म्हणूनच काढलेलं आहे. त्या जागेपुरती भूल देऊन, स्वस्त जाळी लावून हर्निया दुरुस्त करायला शिकलेला एक डॉक्टर अशा प्रत्येक महाविद्यालयातून दरवर्षी ग्रामीण रुग्णालयात गेला, आणि कारखाने बंद असतात त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत ऊसतोड मजुरांसाठी शस्त्रक्रियेचे दिवस आधीच जाहीर केले, तर पट्टा आवळून हंगामावर जाणारी माणसं कमी होतील. युगांडातल्या त्या अभ्यासाचा अर्धा धडा जाळीचा होता, अर्धा साध्या भुलीचा.

उरलेलं काम सरकारी प्रयोगशाळेचं आहे. करूरसारख्या ठिकाणी विणलेल्या पॉलिएथिलीन जाळीचा धागा तपासून तो कायम एकच राहील अशी हमी घ्यायची, १२१ अंशांवर निर्जंतुक केलेली पाकिटं भरायची, बॅच क्रमांक घालायचा, परवाना काढायचा आणि सरकारी खरेदीच्या यादीत टाकायची. दोंडाईच्याने रस्ता दाखवल्याला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने आता ही जाळी स्वतःच्या नावाने बनवून घ्यावी.